टिटवी नौकेचे प्रस्थान आणि विमलाबाईंचे दही

श्री. ज्याने एवढे आकाश उभे केले आणि त्यास एकही खांब दिला नाही, त्या कर्त्यास दंडवत. तदनंतर त्या आकाशाखाली रविवारी सकाळी ज्यांनी ज्यांनी मांडी घालोन टीव्ही पाहिला, त्या सकळ थोरांस आणि पोरांस रामराम. पुढे हकीकत लिहिणे ऐसी जे, टिटवी नामे नौका आकाशी कैसी गेली आणि मागाहून काय जाहले, हे ठाऊक असणारे आता थोडे उरले. जे उरले त्यांत निम्मे गुडघेदुखीने बेजार, निम्मे सांगतात ते एकाचे एकास मिळत नाही. म्हणोन पाहिले, ऐकिले, ते जैसे स्मरते तैसे लिहिले आहे. पदरचे तिखटमीठ घातले नाही, घातले असेल तर चवीपुरते.

शके १९०७ क्रोधननाम संवत्सरी त्या राज्यात टीव्ही गल्लीस एक, आणि त्यावर दिसावयाचे तेही एकच, हुजुरांचे प्रसारण कारखान्यातून सुटेल ते. राज्याचे नाव पुसू नये, वाचणारास ठाऊक आहे. ते समयी कृष्णाजीपंत वैंगणकर म्हणोन पदार्थविज्ञानाचे मास्तर होते, ते वर्गात खडूने ग्रह काढीत, फळा पुरेना तेव्हा भिंतीवर जात. ते एके दिवशी कारखान्याचे कारभाऱ्यांकडे गेले आणि बोलिले, "मला आकाशात नौका पाठवायची आहे." कारभारी विचारते जाहले, "आकाश कुठून आणणार?" मास्तर बोलिले, "काळं कापड द्या आणि एक दाभण द्या." ती दोन्ही मिळाली, आणि मास्तरांनी स्वहस्ते कापडास भोके पाडिली, मागे दिवे लाविले, आणि उन्हाळ्यात गच्चीवरोन तारे जैसे दिसतात तैसे जेथील तेथे मांडिले, सप्तर्षी चुकले नाहीत, ध्रुव हलला नाही. मालिकेचे नाव 'ध्रुवापलीकडे' ठेविले आणि नौकेचे नाव टिटवी, का की टिटवी पाय वर करोन निजते, आकाश कोसळले तर तोलावे म्हणोन, ऐसी लोकांत वार्ता आहे. कारभारी कुरकुरले की टिटवी ओरडली तर अपशकुन होतो. मास्तर बोलिले, "आमची ओरडणार नाही. अवकाशात आवाज जात नाही." मग कारभारी चहा मागविते जाहले.

नौकेचे कप्तान मुकुंदराव हडकर, हे पोस्टात तारा घेत असत, आवाज खणखणीत. आणि त्यांचे सोबती दोन, सुमती टिपणीस आणि बापू नाईक. त्यांचे पोषाख रेनकोटाचे कापडाचे, शिरस्त्राणे म्हणजे मोटारसायकलीची हेल्मेटे, वरून चंदेरी रंग. आणि पृथ्वीवरील केंद्राच्या प्रमुख विमलाबाई आजरेकर, वय वर्षे सेहेचाळीस, पूर्वी नाटक कंपनीत होत्या, मातोश्रींच्या भूमिका करोन करोन त्यांचे डोळ्यांतच माया उतरली होती. त्यांस पांढरा कोट देऊन मास्तरांनी सांगितले की, बाई, आपण फक्त एवढे म्हणायचे, "प्रस्थानास अनुमती आहे," आणि बटण दाबायचे. बाई बरे म्हणाल्या. मग पहिला भाग चित्रित होऊ लागला, टिटवीचे दार उघडिले, आत निळा उजेड, तिघे हेल्मेटे घालोन उंबरठ्याशी उभे राहिले, आणि बाईंनी अनुमती दिली, आणि बटण दाबावे तो त्यांचा हात थबकला. तीन माणसे एवढ्या लांब निघाली आणि दारातून कोरडी कैसी जाऊ द्यावी, हे त्यांस सोसेना. मग त्या कॅमेऱ्यादेखत वळल्या, कोपऱ्यातील आपला जेवणाचा डबा उघडिला, आणि चमचाभर दही कप्तानाचे हातावर तिघांचे वतीने घातले. मुकुंदरावही घरंदाज, त्यांनी हेल्मेटाची काच वर केली, दही चाटिले, वाकोन नमस्कार केला आणि नौकेत गेले. मास्तरांनी कपाळास हात लाविला. परंतु कारखान्यात टेप मोजकी, दुसऱ्यांदा चित्रित करावयाची चाल नव्हती, आणि जे जाहले ते तैसेच रविवारी राज्यात सुटले.

पुढे जे घडले ते मास्तरांचे गणितात बसणारे नव्हते. पहिल्या रविवारी लोकांनी नुसते पाहिले. दुसऱ्या रविवारी नौका निघावयाचे वेळेस आमचे गल्लीत पोतदारांचे घरी, जेथे टीव्ही होता, पोतदारकाकू उठोन आत गेल्या आणि दह्याचे पातेले घेऊन आल्या, आणि बैठकीत होतो नव्हतो त्या पन्नास माणसांचे हातावर एकेक चमचा घातला. तिकडे बाईंनी याही खेपेस दही घातले ते कप्तानाने चाटिले, इकडे आम्ही चाटिले. आणि मग टिटवी त्या काळ्या कापडात शिरली, आणि सांगतो ते खरे मानावे, कापड कोणास दिसले नाही, भोके दिसली नाहीत, जे दिसले ते अपार होते. पोतदारांचे घराचे छप्पर उडाले आणि आम्ही तेथे सतरंजीवर बसल्या बसल्या ताऱ्यांत गेलो. एक म्हातारे गृहस्थ होते, ते जन्मात कोणास बूड हलवोन नमस्कार करीत नसत, ते हात जोडोन बसले. असे राज्यात घरोघरी जाहले. रविवारी सकाळी आठापासोन दूधवाल्यांकडे दही मिळेना. न्हाव्यांनी अर्धी दाढी ठेवोन टीव्ही गाठिला आणि गिऱ्हाईकही साबण लावोन मागे गेले. लग्नाचे मुहूर्त भटजींनी अर्धा तास मागेपुढे सारिले आणि पंचांगात तसे आहे म्हणोन सांगितले. भक्ती म्हणावी तर देव नव्हता, शास्त्र म्हणावे तर दही होते, परंतु तो अर्धा तास राज्यातील एकही मनुष्य आपल्या दुःखाकडे पाहात नव्हता, हे लिहिणाराने स्वतः अनुभविले आहे.

ऐसे एकावन्न भाग जाहले, टिटवी एकावन्न वेळा गेली आणि एकावन्न वेळा परत आली. शके १९०८ क्षयनाम संवत्सर लागले आणि बावन्नावा भाग आला. ते वेळी टिटवी ध्रुवाचे पलीकडे, जेथे कोणी गेले नाही तेथे जाणार, ऐसी योजना होती. चित्रणाचे दिवशी विमलाबाई परगावाहून एसटीने आल्या, सकाळपासोन पोटात अन्न नाही, आणि दिव्यांची काही खोटी होऊन दोन वाजेतो सारे खोळंबले. उन्हाळा बहुत होता. बाईंस भोवळ यावयास लागली, मग त्या कोपऱ्यात बसोन डबा उघडोन भात आणि त्यावर सारे दही कालवोन जेवल्या, आणि बोट चाटतात तो हाक आली. बाई उभ्या राहिल्या, अनुमती दिली, डब्याकडे वळल्या, आणि तेव्हा त्यांस कळो आले. परंतु नाटकाची बाई, आयुष्य रिकाम्या पेल्यातून अमृत पाजण्यात गेले. त्यांनी रिकाम्या वाटीत चमचा बुडविला, तैसाच वर काढिला आणि कप्तानाचे हातावर ठेविला. मुकुंदरावांनी खाली पाहिले, वर पाहिले, रिकामा हात चाटिला, नमस्कार केला आणि नौकेत गेले. टीव्हीवर कोणास काही कळले नाही. बाईंस वाटले, पुढले भागी दोन चमचे घालोन फेड करू. तो पुढला भाग जाहलाच नाही. कारखान्यावर नवे कारभारी आले, त्यांनी रविवारची ती वेळ गुरांच्या रोगांवरील सल्ल्यास दिली, आणि टिटवी जेथे होती तेथे राहिली. इतकेच नव्हे, तर टेप महाग म्हणोन तेच बावन्न भाग पुसोन त्यांवर म्हशींचे खुरांचे विकार चित्रित केले. राज्यात पत्रांच्या गोण्या आल्या, कोणी वाचल्या नाहीत. मग बाईंनी मास्तरांस गाठोन विनंती केली, "मास्तर, तेवढी उतरवा हो तिला खाली." मास्तर बोलिले, "बाई, मी लिहून ठेवलंय. आज्ञा नाही." आणि चार वर्षांनी मास्तर निवर्तले.

बावन्नाव्या भागापासोन एकोणचाळीस वर्षे गेली. टिटवी कोणास पुन्हा दिसली नाही, आणि न दिसल्यामुळे ती मोठी मोठी होत गेली. कोणी म्हणे तिला सात मजले होते, कोणी म्हणे ती सोनेरी होती, वास्तविक टीव्ही काळापांढरा होता. आणि बाजारात, दवाखान्यात, लग्नात, जेथे विमलाबाई जात तेथे कोणी ना कोणी हसोन पुसे, "बाई, टिटवी कुठवर आली?" बाईही हसोन म्हणत, "येईल." घरी जाऊन मात्र त्यांस अन्न गोड लागत नसे. सुमती टिपणीस वारल्या, बापू नाईक वारले, ती वर्तमाने बाईंनी पेपरात वाचिली, आणि दोन्ही वेळेस त्यांचे मनात एकच आले की, ही माणसे माझ्या हातून कोरडी गेली. हे वेडेपण आहे हे त्यांस समजत होते. समजोन उमजोन ते सुटले नाही.

शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरी मृण्मयी दाभोळे म्हणोन एक चौतीस वर्षांची दिग्दर्शक पुढे आली आणि 'ध्रुवापलीकडे' नव्याने करिते म्हणोन डंका वाजविला. तिने जुनी मालिका पाहिली नव्हती. तिचे वडील रोज जेवताना एकेक भाग सांगत, विसरले तेथे पदरचे घालीत, म्हणोन तिला बावन्नांचे ऐंशी भाग पाठ होते. ही वार्ता फुटताच राज्यात दोन तट पडले. जुने पक्षाचे म्हणाले, टिटवी ती टिटवी, संगणकावर काढिलेले पाखरू आम्हास नको. नवे पक्षाचे म्हणाले, फडक्याची भोके पाहोन रडणारांनी आता चष्मा बदलावा. मग व्हॉट्सॲपचे मैदानावर तुंबळ जाहले, मजकुरांवर मजकूर सुटले, सख्खे भाऊ कुटुंबाचे ग्रुपातून निघोन गेले, आणि एका सासऱ्याने जावयास दिवाळीचे बोलावणे पाठविले नाही. हे लिहिणार जुने पक्षाचा होता आणि त्याने जे लिहिले ते येथे उतरविण्याजोगे नाही.

मग मृण्मयी विमलाबाईंचे घरी दाखल जाहली. बाई आता शहाऐंशीच्या, सुनेजवळ राहात होत्या. मृण्मयीने पाय शिवले आणि बोलिली, "आजी, नव्या नौकेत चौघं आहेत. पहिल्या भागात त्यांच्या हातावर दही तुम्हीच घालायचं. दुसरं कुणी नको." बाई म्हणाल्या, "माझ्या हाताला यश नाही गं. दुसऱ्या कुणाला तरी बोलाव." मृण्मयीस वाटले, म्हातारपण आहे, आढेवेढे घेतात, म्हणोन तिने फार गळ घातली. तेव्हा बाईंनी सुनेस चहा करावयास आत पाठविले, आणि दार लोटोन घेऊन, जे एकोणचाळीस वर्षे कोणास सांगितले नव्हते ते सारे सांगितले, भात कालविला तो आणि चमचा रिकामा होता तो. आणि म्हणाल्या, "आधीची तिघं अजून वरच आहेत. आणखी चौघांना कशी धाडू?" मृण्मयीने हसावे तो तिला हसू आले नाही. ती नव्या काळाची, ग्रहताऱ्यांचे अंतर बोटांवर सांगणारी, परंतु तिनेही त्या क्षणी पाहिले की या घरात टिटवी खरोखरीच अजून आकाशात आहे. ती बोलिली, "मग आधी त्यांना उतरवू, आजी. पहिला भाग परतीचाच करू."

तेथोन ती मुकुंदरावांकडे गेली. ते किनाऱ्यालगत सुपारीची बाग करोन होते, वय एकोणऐंशी, एक गुडघा निकामी. त्यांस तिने हलकेच पुसले की, शेवटल्या दिवशीचे काही स्मरते का. मुकुंदराव सुपारी कातरीत होते ते थांबले आणि बोलिले, "चमचा रिकामा होता, तेच ना? बाई सकाळपासून उपाशी होत्या. मी काय बोलणार? एकदा वाटलं होतं जाऊन सांगावं, की मालिका बंद पडली ती तुमच्यामुळं नाही. पण मग वाटलं, त्यांच्या ध्यानातही नसेल, उगाच कशाला आठवण करून द्या." ऐसे या दोघांनी एकमेकांस दुखवू नये म्हणोन एकोणचाळीस वर्षे एकमेकांचे दार वाजविले नव्हते. मृण्मयीने येण्याविषयी विनंती केली. मुकुंदरावांनी एकच अट घातली की पोषाख जुना पाहिजे. तो त्यांचे पत्नीने कापूर घालोन ट्रंकेत ठेविला होता. शिंप्याने दोहों बाजूंस पट्ट्या लावोन तो कप्तानास कसाबसा बसविला.

चित्रणाचे दिवशी सकाळी विमलाबाई स्टुडिओत आल्या, पांढरा कोट घातला आणि सभोवार पाहिले तो चहूंकडे हिरव्या भिंती. त्यांनी पुसले, "आकाश कुठाय?" मृण्मयी बोलिली, "ते नंतर घालतात, आजी." बाई म्हणाल्या, "असू दे. तेव्हाही नव्हतंच." त्यांस सांगितले होते की, दार उघडेल, कप्तान उतरतील, आपण फक्त म्हणायचे, "केंद्र आपले स्वागत करीत आहे." बाई बरे म्हणाल्या, जैसे पूर्वी म्हणाल्या होत्या तैसे. मग दिवे मालविले, धूर सोडिला, आणि टिटवीचे दार वर गेले. आत निळा उजेड, तीन आसने, दोन रिकामी. मुकुंदराव कठडा धरोन एकेक पायरी उतरले. त्यांस बोलावयाचे होते, "टिटवी परत आली आहे," तारेचे शब्द घोटलेला तो मनुष्य, परंतु समोर बाई पाहिल्या आणि शब्द राहिले. आणि बाईंनीही स्वागत केले नाही. त्या म्हणाल्या, "थांबा. तिथंच थांबा." मग कोटाचे खिशातून रुमाल काढिला, त्यात घरून आणिलेला भाकरीचा तुकडा होता, पिशवीतून पाण्याचा तांब्या काढिला, आणि लांबच्या वाटेने आलेल्या माणसावरोन दारात ओवाळतात तैसा तो तुकडा त्यांनी तीन वेळा ओवाळिला, एकदा कप्तानावरोन आणि दोनदा त्यांचे मागील मोकळ्या जागेवरोन, आणि तो एका दिव्यामागे टाकिला, आणि तांब्यातील पाणी मुकुंदरावांचे बुटांवर ओतिले. पाणी वायरींकडे धावले आणि माणसे फडकी घेऊन पाण्याकडे धावली. बाईंचे तिकडे लक्ष नव्हते. त्या उघड्या दाराकडे पाहात होत्या.

त्या म्हणाल्या, "बाकीची दोघं?"

मुकुंदराव म्हणाले, "ती तिकडंच राहिली, बाई. बरी आहेत."

बाईंनी मान हालविली. मग हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी चमचा रिकामा होता, हडकर."

"होता," मुकुंदराव म्हणाले. "तरी आलो ना."

"उशीर केलात."

"वाट लांबची होती."

तेव्हा बाईंनी त्यांचा हात धरिला, आणि कॅमेऱ्याकडे पाठ करोन म्हणाल्या, "चला. हातपाय धुवा. पान वाढते." आणि दोघे मिळोन त्या हिरव्या भिंतीचे आड गेली. आता टेप मोजकी नव्हती, दहा वेळा चित्रित केले तरी हरकत नव्हती, आणि मदतनीस पुसू लागले की वाक्ये चुकली, पाणी सांडले, पुन्हा घ्यावयाचे काय. मृण्मयी खुर्चीत डोळ्यांस पदर लावावा तैसी ओढणी लावोन बसली होती. तिने मान उचलोन सांगितले, "नाही. हेच जाईल." त्या दुपारी विमलाबाईंनी नव्या चौघांचेही हातावर दही घातले, चौघांस चार चमचे, आणि प्रत्येक वेळी चमचा उजेडात धरोन दोनदा पाहिला.

मग तो भाग राज्यात सुटला. आता टीव्ही गल्लीस एक नव्हता, घराचे खोलीखोलीत होता, तरीही त्या सकाळी लोक उठोन एका खोलीत बसले. आकाश यंत्राने घातले होते, आणि जुने पक्षाचा असोनही लिहितो की ते आकाश थोर होते, त्यास काठ नव्हता, आणि त्यात सप्तर्षी जेथील तेथे होते, का की मृण्मयीने मास्तरांचे घरी उरलेली त्यांची वही मिळवोन तीत पाहोन ते मांडिले होते. त्या आकाशातून एक लहानशी, काळीपांढरी, पत्र्याची नौका येताना दिसली. माझे शेजारी नवे पक्षाचे, त्यांशी तीन महिने बोलणे नव्हते, त्यांनी माझे मनगट धरिले ते नौका टेकेतो सोडिले नाही. जे मजकूर मी लिहिले होते ते त्याच दिवशी पुसोन टाकिले.

एणेंप्रमाणे सारांश ऐसा जे, टिटवी शके १९०८ साली गेली आणि शके १९४७ साली आली. तिघे गेले, एक आले, दोघे तिकडे बरे आहेत. नवी नौका चांगली चालली आहे, तिचे पुढे काय होईल ते तिचे लोक लिहितील. विमलाबाईंचे सुनेने सांगितले की, त्या रविवारी बाईंनी तो भाग पाहिला, टीव्ही बंद केला, जेवल्या आणि दुपारी ऐशा गाढ झोपल्या की चहा करोन दोनदा हाका माराव्या लागल्या. इतक्या वर्षांत त्यांस दुपारी कधी झोप लागली नव्हती. हे तिचे तोंडचे ऐकोन येथे लिहिले.